दस्तगीरचं रेडियम

दस्तू,

तुझ्या दुकानाचं शटर खाली आहे, तरी गिऱ्हाईक यायचं थांबलेलं नाही. आज सकाळी शाळगावकडचा एक दूधवाला आला. गाडी लावून बराच वेळ शटरकडं बघत उभा राहिला आणि मग माझ्या दुकानात डोकावून म्हणाला, "आवं, दस्तगीरभाई कवा येनार?"

मी म्हटलं, "न्हाई येनार."

"मग उद्या येतो की. रेनकोटाचं रेडियम सुटलंय पाठीवरचं."

आता त्याला काय सांगायचं? सांगितलं. तो मटकन माझ्या बाकड्यावर बसला. काखेतला रेनकोट मांडीवर पसरून त्या सुटलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला, जणू नुसतं दाबून ती बसणार होती. जाताना म्हणाला, "दुसऱ्या कुनाकडनं लावून घ्यायचं मन न्हाई हुईत." मी मान हलवली. 

तुझं सीटकव्हरचं दुकान आणि माझं मोटारसायकलच्या पार्टचं, मधे एकच भिंत. इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडं आपण एकमेकांना हाका मारल्या, शिव्या दिल्या, उधारीवाल्यांपासून एकमेकांना लपवलं. तुला मूठमाती देऊन आलो त्याला अजून आठवडा झाला नाही. दुपारी चहावाला दिसला की माझी दोन बोटं आपोआप वर होतात. तोही दोन ग्लास ठेवून जातो. दोन्ही मीच पितो आणि रात्री पित्तानं तळमळतो. गेल्यावरही तुझा ताप काही कमी नाही बघ.

तुझ्या हाताबद्दल मी तुला तोंडावर कधी चांगलं बोललो नाही. बोललो असतो तर तू डोक्यावर बसला असतास. पण आता बोलायला हरकत नाही. मोहरम जवळ आला की तुझं दुकानातलं लक्ष उडायचं. बांबूच्या कामट्या, कागद चिकटवायच्या चिकीचं भांडं, रंगीत कागदाचे ताव, आणि तू. आपल्या गावच्या ताबुतांचा कागद म्हणजे बघणाऱ्यानं मान मागं टाकून बघायची गोष्ट. तो कागद चिकटवताना तुझ्या बोटाखाली एक बुडबुडा राहायचा नाही, एक सुरकुती पडायची नाही. आमच्या भावकीतली गडीमाणसं ताबूत उचलायला खांदा द्यायची आणि तू खालून जीव तोडून ओरडायचास, "हळू रं, गड्यांनो, कोपरा घासतोय!" खांद्याची सालपटं निघाली तरी चालतील, कागद फाटता कामा नये, असा तुझा हिशेब.

तोच हात पुढं रेडियमवर बसला. ती चमकणारी पट्टी, जिच्यावर उजेड पडला की ती डोळे उघडते. सगळं गाव रेडियम गाडीवर लावायचं. नंबर, देवाचं नाव, पोराचं नाव, नाहीतर कुणाला तरी टोमणा. तू पहिला, ज्यानं ते माणसाच्या अंगावर लावलं.

आणि ते सुरू झालं माझ्या पूनमपासून. तिला कराडच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सकाळची पाळी, म्हणजे घरातून अंधारातच निघायचं. त्यात गळिताचा हंगाम. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, अर्ध्याअधिक मागं दिवा नसलेल्या, आणि खोऱ्यात उतरलेलं धुकं. माझी जुनी मोटारसायकल तिनं स्वतःच ताब्यात घेतली होती. मी घरात नुसता धुमसत होतो. नको म्हणावं तर पोरगी शिकलेली, हो म्हणावं तर तो रस्ता. शेवटी तुझ्याजवळ बोललो. तू सुईत दोरा ओवत होतास. मान वर न करता म्हणालास, "जाकीट आन तिचं."

काळं जाकीट होतं. तिनं हौसेनं घेतलेलं. तू ते उलटंपालटं केलंस आणि म्हणालास, "हे घालून पोरगी अंदारात गेली की अंदारच झाली." मग पट्ट्या कापल्यास. प्रत्येक पट्टीचा कोपरा कात्रीनं गोल केलास, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. नुसत्या चिकटपट्टीवर तुझा भरवसा नव्हता. कडेनं शिलाई मारलीस आणि सुईच्या भोकांतून पाणी मुरू नये म्हणून आतून अस्तर लावलंस. पुढं, मागं, दोन्ही खांद्यांवर, सगळीकडं लालभडक रेडियम, मधे मधे नक्षी. पूनमनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"चाचा, मी ड्यूटीला निघालीया, वरातीला न्हवं."

"वरातीतली घोडी कुनी उडवलेली ऐकलीयास का?" तू म्हणालास. "घाल गप."

तिनं घातलं. दवाखान्यातल्या बाकीच्या पोरी आधी हसल्या आणि महिन्याभरात त्यांचीही जाकिटं तुझ्या टेबलावर आली. मग दूधवाले आले, पेपरवाले आले, कारखान्यात पाळीला जाणारे आले. मी रेडियमचे रोल मागवायचो आणि तू संपवायचास. आपली दोघांची दिवाळी चालली होती.

मग ती सकाळ आली. तिच्याबद्दल आपण शेवटपर्यंत भांडलो, म्हणून ती टाळून मला पुढं जाता येणार नाही.

कराड रस्त्यावर पूनमच्या गाडीची चेन उतरली. ती कडेला थांबली. इंजिन बंद, म्हणून पुढचा दिवाही बंद. धुकं असं की स्वतःचा हात दिसू नये. समोरून एक पिकअप आली आणि आपली बाजू सोडून सरळ तिच्या अंगावर आली. तिनं रस्त्याकडेच्या चारीत उडी मारली म्हणून वाचली. मनगट मोडलं. आपण दोघं पोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला धरून ठेवलं होतं आणि मी त्याच्या गळपटीला हात घातला. तो रडकुंडीला आलेला. सारखं एकच म्हणत होता, "आवं, मला वाटलं फुडं ट्रॉली चाललीया. लाल धरून आलो मी, आईशप्पत."

धुक्यात पुढच्या गाडीचं लाल धरून चालायची आपल्याकडं सगळ्यांचीच सवय. लाल दिसलं म्हणजे गाडी आपल्या पुढं चाललीय, म्हणजे रस्ता तिकडंच वळतोय. ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. तू सोडलं नाहीस. पूनमच्या छातीवरच्या लाल पट्टीकडं तू बघत राहिलास आणि तुझा चेहरा उतरत गेला. मग तू माझा हात त्याच्या गळपटीवरून काढलास.

"सोड त्येला, संपा. त्येचा दोष न्हाई. फुडनं लाल म्या लावलं."

एवढी माणसं जमलेली, आणि तू हे खणखणीत आवाजात म्हणालास. कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तू गप्प बसला असतास तर तो ड्रायव्हर मार खाऊन घरी गेला असता आणि तुझं नाव कुणी घेतलं नसतं. परत येताना तू मला म्हणालास, "ताबुताला फुडचं-मागचं नसतंय रं. चारी बाजूनी सारखाच देखना लागतोय. म्या मानसाला ताबुतासारखं सजवलं. मानसाला तोंड असतंय, त्ये इसरलो."

मला वाटलं, झालं, पुढच्या जाकिटांना नीट लावशील आणि विषय संपेल. तू दुसऱ्या दिवशी दुकानावर बोर्ड लावलास. "पुढे लाल पट्टी असलेली जाकिटे ताबडतोब आणून द्यावीत. चूक माझी आहे. दस्तगीर."

तो बोर्ड वाचून मी किती बोललो तुला! म्हटलं, "बदलून मिळतील एवढंच लिव्ह. चूक माझी हाय कशाला? धंदा बुडवतोस काय?"

तू शांतपणे म्हणालास, "नुसतं बदलून मिळंल म्हनलं की लोक म्हनत्यात, इऊ कवातरी. चूक हाय म्हनलं की आजच येत्यात."

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही. तुझ्या नावाला ते चिकटलं. टवाळ पोरं तुला 'लाल दस्तगीर' म्हणायला लागली. मी चिडायचो आणि तू हसून म्हणायचास, बरं झालं, जाहिरात फुकटात झाली. पण एक कबूल करावंच लागेल, जाकिटं आली. रोज येत होती. तू दिवसभर शिवण उसवायचास, पुढचं लाल काढून पांढरं लावायचास, लाल फक्त पाठीला ठेवायचास. जी आली नाहीत ती आणायला तू स्वतः गावं पालथी घातलीस, आणि मेढ्यापर्यंत मला गाडीवर मागं बसवून नेलंस ते तर मी जन्मात विसरणार नाही.

मेढ्याचा तो दूधवाला आपल्या गावचा जावई. मोहरम बघायला आला होता आणि जाताना जाकीट करून घेऊन गेला होता. पावसाळ्याचे दिवस. डोंगरातून धुकं उतरून रस्त्यावर बसलेलं, संध्याकाळ झालेली, माझे दात वाजत होते. आणि तो गडी जाकीट द्यायलाच तयार नाही.

"लाल लय भारी दिसतंय. आमच्या बायकूला बी आवडलंय. पांढरं लावून मी काय म्हातारा दिसू?"

मी म्हटलं, चल दस्तू, मरू दे. तू ऐकतोस होय? तू त्याचं जाकीट अंगात घातलंस. त्याला म्हणालास, "गाडी चालू करून दिवा लाव. मी लांब जातो. मी येतोय का जातोय, तेवढं मोठ्यानं वरडून सांग."

तू धुक्यात गेलास. नुसता एक लाल पट्टा उरला. तो ओरडला, "जाताय!" थोड्या वेळानं पुन्हा, "अजून जाताय!" मीही तेच बघत होतो आणि मलाही तसंच वाटत होतं, पट्टा लांब लांब चाललाय. "जाताय, जाताय," असं तो म्हणत असतानाच तू धुक्यातून निघून त्याच्या हँडलला येऊन भिडलास.  तू फक्त एवढंच म्हणालास, "फुडनं येनारा बी असाच फसतोय."

त्यानं गुमान जाकीट दिलं. त्याच्याच ओट्यावर बसून तू ते उसवलंस आणि पुन्हा शिवलंस. त्याच्या बायकोनं आपल्याला भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली. येताना मी तुझ्या पाठीमागं बसून कुडकुडत होतो आणि मनात म्हणत होतो, असा माणूस आपला शेजारी आहे. तोंडानं मात्र म्हणालो, "हळू चालव, मला अजून लेकीचं लगीन करायचंय."

आपलं खरं भांडण त्यानंतरचं. पूनमचं प्लास्टर निघालं आणि ती गाडीची किल्ली मागायला लागली. मी किल्ली खिशात घालून फिरत होतो. एसटीनं जा, नाहीतर नोकरी सोड, असं सांगून टाकलं होतं. त्या वेळी पाळीवर वेळेत पोचवेल अशी एसटी नव्हती, हे मलाही माहीत होतं. ती रडली नाही. तुझ्याकडं आली. आणि तू भिंतीपलीकडून हाक न मारता माझ्या दुकानात येऊन उभा राहिलास.

"गाडी ती चालवती, नोकरी तिची, आन किल्ली तुज्या खिशात?"

"तुज्याच रेडियमनं पाडलंय तिला," मी म्हणालो.

"व्हय," तू म्हणालास. "म्हनून तर म्याच करनार परत. ती दिसंल, ही जबाबदारी माजी. ती मला दिली का न्हाई, बोल."

मी किल्ली काउंटरवर आपटली. तू ती उचलून तिला दिलीस.

या वेळी तू नक्षी काढली नाहीस. पुढं पांढरं, पाठीला लाल. मनगटांना आणि बुटांच्या टाचांना पट्टी लावलीस, कारण, "हाललेलं दिसलं की मानूस वाटतंय, न्हाईतर खांब." तिच्या पाठीवरच्या सॅकमुळं जाकिटाची पाठच झाकली जाते हे तुझ्या ध्यानात आलं आणि तू सॅकलाही लावलंस. हेल्मेटला लावलंस. डब्याच्या पिशवीलाही लावायला निघाला होतास, तेव्हा तिनंच तुझे हात धरले. त्या दिवसापासून ती त्या रस्त्यानं जाते आणि येते. मी रोज कुरकुरत राहिलो, पण आतून निर्धास्त होतो. माझी काळजी मी तुझ्या गळ्यात घातली होती, आणि तू ती कधी खाली ठेवलेली मी बघितली नाही. कशी वागवत होतास, ते मात्र कधी विचारलं नाही.

काल ते कळलं.

तुझ्या जाण्यानं पूनमनं सुट्टी घेतली होती. काल संध्याकाळी तिनं जाकीट, हेल्मेट, सॅक काढून ठेवलं, सकाळच्या ड्यूटीसाठी. मी उठलो आणि किल्ली पुन्हा खिशात घातली.

"पप्पा, किल्ली द्या."

"न्हाई. ज्यानं जबाबदारी घेतली हुती त्यो गेला. आता कुनाच्या जिवावर सोडू तुला?"

ती माझ्यासमोर बसली. मला वाटलं भांडेल. ती हळूच म्हणाली, "चाचा पहाटं काय करत हुते, तुमाला ठाव हाय का?"

मला काय ठाऊक असणार? मी म्हटलं, नमाजाला जात असेल.

"नमाजाच्या आदी. मी निघायच्या येळंला कराड फाट्यावर येऊन हुबं ऱ्हायाचे. हातात बॅटरी. मी फुडं गेली की पाठीमागनं माझ्यावर उजेड टाकायचे. बॅटरी कानाजवळ धरायचे, डोळ्याच्या रेषेत. तसंच धरलं तर रेडियम खरं किती चमकतंय ते दिसतंय म्हनायचे. मला आदी वाटलं फोनवर बोलत्यात. लोकास्नी बी तसंच वाटायचं."

 ती सांगत राहिली. रेडियम धुऊन धुऊन मरत जातं, ते घालणाऱ्याला कळत नाही, मागच्याला कळतं, असं तू तिला सांगितलंस म्हणे. जी पट्टी मंद दिसायची ती तू त्याच संध्याकाळी बदलायचास. अधूनमधून तू आमच्या घरी येऊन "जरा जाकीट दे गं पोरी" म्हणून न्यायचास, तेव्हा मी तुला हसायचो, म्हणायचो याला कामधंदा नाही. पावसात, थंडीत, तुझा रोजा असतानाही तू तिथं उभा असायचास. ताप होता तेव्हाही आलास, म्हणून तिनं तुला झापलं होतं.

"मला का न्हाई सांगितलंस?" मी तिला विचारलं.

"चाचांनीच नको म्हनलं. म्हनले, तुज्या बापाला सांगू नगंस. त्यो म्हनंल, ह्येचाच ह्येच्या रेडियमवर इस्वास न्हाई."

अगदी तेच म्हणालो असतो मी, दस्तू. तुला मी पाठ होतो. मी लेकीसमोर रडलो, आणि तिच्या आईनं दारातून बघितलं तरी मला थांबता येईना. एक चूक झाली म्हणून आयुष्यभर रोज पहाटे जाऊन आपलं काम आपल्या डोळ्यांनी तपासणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. आणि मी बाप. मी त्या वेळी अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर वळत असायचो आणि तेवढ्यालाच काळजी समजायचो. तुझे उपकार मानायचे राहून गेले, हे लिहून भरून येत नाही. तरी लिहितो. तू माझी पोरगी सांभाळलीस.

मी किल्ली तिच्या हातात दिली.

आज पहाटे मी तिच्या आधी घरातून निघालो. दुकानातली बॅटरी घेतली. फाट्यावर तू नेमका कुठं उभा राहायचास ते तिनं सांगितलं होतं. धुकं होतं. चालत जाणाऱ्या एकानं मला विचारलंही, "काय संपतराव, पहाटं पहाटं?" मी नुसता हात केला. मग तिची गाडी आली. ती थांबली नाही. मला बघून फक्त मान हलवली आणि पुढं गेली. मी बॅटरी कानाजवळ धरली. आधी खाली लागली, मग वर, मग बरोबर तिच्यावर. टाचा उजळल्या, मनगटं उजळली, पाठीवरचा लाल पट्टा पेटला. धुक्यात गाडी नाहीशी झाली, पण ती नाही झाली. उसाच्या फडापर्यंत मी तिच्यावर उजेड धरून होतो, मग पुलापर्यंत, मग चढावर. 

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "दिसती रं, दस्तू. लांबपत्तूर दिसती पोरगी."